बारीक आवाजाची पारख

जबलपूरचे नाव निघाले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा घोष आठवतो. धुवांधारच्या काठाशी उभे राहिले असता शेजारच्या माणसाचे बोलणेही नीट कानी पडत नाही. तेथून थोड्याच अंतरावर कड्यांच्या मधून नाव चालू लागली की वल्ह्यावरून निथळणारे पाणी स्पष्ट ऐकू येते. नर्मदा तीच, परंतु एके ठिकाणी ती कान भरून टाकते आणि दुसऱ्या ठिकाणी कानाला कामाला लावते.

या शहराच्या अर्वाचीन इतिहासातही असेच दोन आवाज आहेत. १९०४ साली येथे तोफांचे गाडे बनविणारा कारखाना उभा राहिला आणि पुढे दारूगोळ्याचे व सैनिकी वाहनांचेही कारखाने आले. हा झाला मोठा आवाज. दुसरा आवाज अगदी बारीक, तारेवरून आणि बिनतारी लहरींवरून येणारा. हिंदी सैन्याचे संदेशदल १९११ साली स्थापन झाले. पहिल्या महायुद्धानंतर त्याच्या शिक्षणाचे मोठे केंद्र जबलपुरात आले आणि ते आजही तेथे आहे. १९४२ साली टपाल व तार खात्याचे प्रशिक्षण केंद्रही याच शहरात सुरू झाले. आज ती भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाची दूरसंचार प्रशिक्षण संस्था आहे. कानाला यंत्र लावून दूरचा शब्द टिपावयाचा, ही विद्या या गावात अनेक पिढ्या शिकविली गेली.

त्या काळच्या संदेशवाहकाचे काम वरवर सोपे वाटते. कानावर इअरफोन चढवावा, मोर्सची टिकटिक ऐकावी आणि अक्षरे कागदावर उतरावीत. परंतु वातावरणातील खरखर, शेजारच्या केंद्रांची कुजबूज आणि स्वतःच्या भोवतीचा गलबला यांमधून नेमका आपला संकेत उचलणे ही साधना होती. अशा माणसाला चांगला इअरफोन कोणता असे विचारले असते, तर मोठ्याने वाजणारा, असे उत्तर त्याने खचित दिले नसते. क्षीण संकेतही ज्यातून कानाला ताण न पडता समजतो, तो चांगला, हीच त्याची कसोटी असणार. आज बाजारात जे संतुलित आर्मेचरचे इअरफोन मिळतात, त्यांच्या आवाजाची तुलना करतानाही ही कसोटी उपयोगी पडते. किंबहुना तिच्यावाचून ती तुलना फसवी ठरते.

प्रथम ही संतुलित आर्मेचरची रचना म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. १८७६ साली ग्रॅहॅम बेलने टेलिफोनचे पेटंट घेतले. त्यानंतर रूढ झालेल्या साध्या टेलिफोनच्या श्रवणयंत्रात लोखंडाची एक पातळ चकती चुंबकासमोर बसविलेली असते. चुंबक त्या चकतीला सतत आपल्याकडे ओढत राहतो. तारेतून विजेचा प्रवाह आला की ही ओढ कमीजास्त होते, चकती हलते आणि आवाज उमटतो. परंतु ओढ नेहमी एकाच बाजूची असल्यामुळे चकती दोन्ही बाजूंस सारख्या मोकळेपणाने हलू शकत नाही, आणि मूळ आवाजात नसलेले स्वर त्यात मिसळतात.

संतुलित आर्मेचरमध्ये हा दोष मोठ्या खुबीने टाळलेला आहे. येथे लोखंडी मिश्रधातूची एक बारीक पट्टी दोन चुंबकध्रुवांच्या बरोबर मध्ये धरलेली असते. दोन्ही बाजूंची ओढ सारखी असल्याने ती तराजूच्या काट्याप्रमाणे मधोमध राहते. तिच्याभोवती तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून प्रवाह गेला की पट्टीत चुंबकत्व येते आणि ती एका ध्रुवाकडे झुकते. प्रवाहाची दिशा बदलली की ती दुसरीकडे झुकते. हे झुकणे एका केसासारख्या बारीक काडीने लहानशा पडद्यापर्यंत पोहोचते. काटा मुळातच तोललेला असल्यामुळे अगदी थोड्या विजेनेही तो हलतो. क्षीण संकेतालाही साद देण्याचे त्याचे सामर्थ्य येथून येते.

ही रचना आजची नव्हे. अमेरिकेतील युटा प्रांतात राहणाऱ्या नॅथानिएल बाल्डविन याने या तत्त्वावरचे श्रवणयंत्र तयार करून १९१० साली तेथील आरमाराकडे पाठविले. प्रार्थनामंदिरातील प्रवचन नीट ऐकू येईना म्हणून तो या उद्योगाला लागला, असे सांगतात. आरमाराने मागणी नोंदविली तेव्हा त्याचा कारखाना म्हणजे त्याच्या घरातील स्वयंपाकघर होते! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांच्या बिनतारी संचांबरोबर जे इअरफोन असत, त्यांतही संतुलित आर्मेचरचा एक प्रकार प्रसिद्ध होता. युद्ध संपल्यानंतर, १९४६ साली, ह्यू नोल्स याने अमेरिकेत जी कंपनी काढली, तिने हेच यंत्र लहान लहान करीत बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रात बसविले. आज ते एका सेंटिमीटरहूनही आखूड अशा धातूच्या डबीत मावते.

संगीतासाठी त्याचा वापर त्या मानाने उशिरा झाला. श्रवणशास्त्रज्ञ मीड किलियन यांनी १९८३ साली एटिमोटिक रिसर्च ही संस्था काढली आणि १९९१ साली तिचा ईआर-४ हा इअरफोन आला. त्यात प्रत्येक कानासाठी एकच आर्मेचर होते. १९९५ साली जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने रंगमंचावरील वादकांसाठी दोन आर्मेचरांचे इअरफोन तयार केले. व्हॅन हेलन या वाद्यवृंदाच्या ढोलवादकाला भोवतालच्या प्रचंड आवाजात स्वतःचे वादन ऐकू यावे, हा त्यामागचा हेतू होता. प्रवचन ऐकू न येणारा भाविक, युद्धभूमीवरील संदेशवाहक, ऐकू कमी येणारा वृद्ध आणि कर्णकर्कश मंचावरील वादक, या चौघांचीही गरज एकच होती. गोंगाटातून किंवा दुर्बलतेतून हवा तो आवाज वेगळा काढावयाचा. या यंत्राचे कुळ गरजेचे आहे, चैनीचे नव्हे.

आता तुलनेकडे वळू. बाजारातील इअरफोनांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्यात एकच आर्मेचर असते. दुसऱ्यात दोन, तीन, चार किंवा त्याहून अधिक आर्मेचरे असतात आणि खालचे, मधले व वरचे स्वर त्यांच्यात वाटून दिलेले असतात. तिसरा वर्ग मिश्र आहे. त्यात खालच्या स्वरांसाठी नेहमीचा हलत्या वेटोळ्याचा ध्वनिवर्धक आणि वरच्या स्वरांसाठी आर्मेचर अशी जोडी असते.

या तिघांची परीक्षा घेण्यास आपल्या संगीतासारखे साधन नाही. तंबोऱ्याचेच घ्या. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा धागा नेमका बसला की एका तारेतून अनेक उपस्वर झंकारू लागतात. वीणा आणि तंबोरा यांच्या या वैशिष्ट्याचा शास्त्रीय अभ्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास केला होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९२० साली, त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह मृदंग-तबल्याच्या शाईचे मर्म उलगडून दाखविले होते. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर परस्परांशी सुसंवादी नसतात. शाईच्या भारामुळे ते सुसंवादी होतात आणि तबला सुरात बोलतो. तेव्हा जवारीचे उपस्वर आणि चाटेवरील ‘ना’चा टणत्कार ज्या इअरफोनमध्ये बोथट होतो, तो या संगीताचा अर्धा अर्थ गिळून टाकतो असे म्हटले पाहिजे.

या परीक्षेत चांगले एकच आर्मेचर बहुधा उत्तम उतरते. पट्टी आणि पडदा दोन्ही हलके असल्यामुळे आघात झटकन उमटतो आणि झटकन थांबतो. गायकाच्या शब्दांतील त, थ, स, श ही व्यंजने वेगळी राहतात. तान द्रुत झाली तरी तिचे दाणे एकमेकांत मिसळत नाहीत. सगळा आवाज एकाच मुखातून येत असल्याने त्याला एकसंधपणाही असतो. मात्र अगदी वरच्या स्वरांत असा इअरफोन लवकर थकतो, आणि डग्ग्याची घुमक काहीशी कोरडी वाटते.

डग्ग्याविषयी एक समज फार पसरलेला आहे. संतुलित आर्मेचरला खालचे स्वर येतच नाहीत, असे म्हणतात. हे अर्धसत्य आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषगायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज दर सेकंदास सुमारे ७० कंपनांचा असतो. कान नीट बंद झालेला असेल तर एक आर्मेचरही हा खर्ज व्यवस्थित देऊ शकते. परंतु त्याचा पडदा लहान, त्याने हलविलेली हवा थोडी. कानाच्या नळीत टोपी सैल बसली आणि बारीकशी फट राहिली की ती हवा निसटते आणि खर्ज नाहीसा होतो. दुकानात ज्या इअरफोनला लोक पोकळ आवाजाचा म्हणून बाजूला ठेवतात, त्याचा दोष पुष्कळ वेळा टोपीच्या मापाचा असतो. ज्याला डग्ग्याच्या मींडेत छातीला जाणवणारा भरदारपणा हवा आहे, त्याला मिश्र प्रकार अधिक रुचेल, हे मात्र खरे. मोठ्या पडद्याने हलविलेल्या हवेचा तो गुण आहे.

अनेक आर्मेचरांच्या इअरफोनांविषयी बोलताना संख्येच्या मोहापासून सावध राहावे लागते. चार गवई एकत्र बसविले म्हणून मैफल चौपट रंगत नाही. स्वरांची वाटणी जेथे होते, तेथे एका आर्मेचरने सोडलेला स्वर दुसऱ्याने त्याच क्षणी आणि त्याच बळाने उचलावा लागतो. हे साधले तर आवाज प्रशस्त होतो आणि मोठ्या वाद्यवृंदातही गर्दी वाटत नाही. ते साधले नाही, तर एकाच गायकाचा मध्यसप्तकातील आवाज एका रंगाचा आणि तारसप्तकातील दुसऱ्याच रंगाचा ऐकू येतो. सारंगीची किंवा हार्मोनियमची सरळ आरोही सरगम ऐकली की हा सांधा चटकन लक्षात येतो. डबीवर छापलेल्या आकड्यापेक्षा ही साधी परीक्षा अधिक विश्वसनीय आहे.

याहूनही एक सूक्ष्म गोष्ट आहे. मनुष्याच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि आतल्या बाजूस पडद्याने बंद असते. बासरीप्रमाणे तिलाही स्वतःचा एक स्वर आहे. तो दर सेकंदास सुमारे २,७०० कंपनांच्या आसपास पडतो. मोकळ्या कानाने ऐकताना ही नळी त्या भागातील आवाज आपोआप वाढविते आणि बोलण्यातील स्पष्टता पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून असते. इअरफोनने नळीचे तोंड बंद केले की ही नैसर्गिक देणगी हरवते. ती किती आणि कशी परत द्यावयाची, हे रचनाकाराने ठरवावे लागते. दोन इअरफोनांच्या आवाजात जो फरक वाटतो, त्याचे मोठे कारण बहुधा हेच असते. ती कमी दिली तर गायक पडद्याआडून गात असल्यासारखा वाटतो आणि फाजील दिली तर तो कानावर ओरडतो. २०१० नंतरच्या दशकात हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक श्रवणचाचण्या घेतल्या. या बाबतीत बहुतेकांची आवड बऱ्याच अंशी सारखी असते, असे त्यांतून दिसले.

अशी तुलना करताना कान फसतो, तो मुख्यतः एका गोष्टीने. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान असता कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते भरून येतात. म्हणून दोन इअरफोनांपैकी जो किंचित मोठा वाजतो, तो अधिक भरदार आणि अधिक चांगला वाटतो. वास्तविक चांगुलपणा त्याचा नसतो, तो मोठेपणाचा असतो. तुलना खरी व्हावयाची असेल, तर दोन्हींचा आवाज प्रथम सारखा करून घेतला पाहिजे. चीज तीच असावी आणि दोन्हींच्या टोप्या कानात नीट बसलेल्या असाव्यात. कोणता इअरफोन कानात आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक नसेल तर फारच उत्तम. किंमत ठाऊक असलेला कान निःपक्षपाती राहत नाही.

आणखी एक अट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संतुलित आर्मेचरचा विद्युतरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. तो वरच्या स्वरांकडे जाताना बदलत जातो, आणि अनेक आर्मेचरांच्या इअरफोनांत तर फारच चढउतार दाखवितो. ज्या उपकरणाला तो जोडावयाचा, त्याचा स्वतःचा रोध अधिक असेल तर काही स्वर दबतात आणि काही उठतात. त्यामुळे तोच इअरफोन एका फोनवर गोड आणि दुसऱ्यावर रुक्ष वाजू शकतो. तुलना करताना उपकरणही एकच हवे, ते याच कारणासाठी.

एवढी काळजी घेऊन तुलना केल्यावर निवाडा कशावर द्यावयाचा? येथे जबलपूरच्या त्या संदेशवाहकाची कसोटी पुन्हा पुढे येते. आवाज हळूहळू कमी करीत जावे. ज्या इअरफोनमध्ये अगदी लहान आवाजातही तंबोऱ्याची जवारी, गायकाचे शब्द आणि डग्ग्याची मींड ओळखू येतात, तो श्रेष्ठ. ज्याचे सौंदर्य फक्त मोठ्या आवाजात खुलते, तो कानाकडून उसने घेऊन श्रीमंती मिरवितो, आणि ते उसने कधी फिटत नाही.

हे शब्द अतिशयोक्तीचे नाहीत. प्रत्येक अंतर्कर्णात सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. मनुष्याच्या बाबतीत एकदा नष्ट झालेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे धोका आहे. प्रौढ माणसाने ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा, अशी मर्यादा या संघटनेने सांगितली आहे. आवाज दर तीन डेसिबेलांनी वाढला की ही मुदत निम्म्याने घटते. ८९ डेसिबेलला ती आठवड्यात अवघी पाच तास उरते. आगगाडीच्या किंवा रस्त्याच्या गलबल्यात साधे इअरफोन लावून आवाज वाढविणारा तरुण ही मर्यादा केव्हा ओलांडतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

नळीत घट्ट बसणाऱ्या इअरफोनचा मोठा उपकार या ठिकाणी आहे. तो बाहेरचा गोंगाट बराच अडवितो, त्यामुळे आतला आवाज लहान ठेवता येतो. अर्थात रस्त्यावरून चालताना हाच गुण घातक होतो, कारण मागून येणाऱ्या गाडीचा इशाराही अडविला जातो. वाहत्या रस्त्यावर कान मोकळेच असावेत. त्याचप्रमाणे या इअरफोनचे मुख अरुंद असते आणि कानातील मळाने ते सहज बुजते. एका बाजूचा आवाज अचानक मंदावला तर यंत्र बिघडले असे समजण्यापूर्वी त्याची जाळी पाहावी. कानातला मळ काढण्यासाठी मात्र काड्या किंवा पिना वापरू नयेत. ते काम वैद्यांचे आहे.

शेवटी या विषयाची एक कौटुंबिक बाजू आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची म्हणता येईल. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून नर्मदेकाठी राहिलेले मराठी घर असो की पुण्याचे, मुंबईचे, इंदूरचे असो, आज एकाच दिवाणखान्यात दोन पिढ्यांच्या कानांत एकाच कुळातील यंत्रे असू शकतात. नातवाच्या कानातील महागडा इअरफोन आणि आजोबांच्या कानातील श्रवणयंत्र, दोन्हींत तीच तोललेली पट्टी, तेच वेटोळे आणि तोच इवलासा पडदा हलत असतो. नातू आपले यंत्र अभिमानाने मित्रांना दाखवितो. आजोबा मात्र आपले यंत्र खणात ठेवतात, पाहुणे आले की कानातून काढतात आणि मग न ऐकलेल्या बोलण्याला हसून मान डोलावतात. चारचौघांच्या गप्पांतून ते हळूहळू बाजूला होतात, ते वयामुळे नव्हे, संकोचामुळे.

चष्मा लावण्यास आज कोणी लाजत नाही. श्रवणयंत्राच्या वाट्याला तो सहजपणा अजून पुरता आलेला नाही. इअरफोनांची पारख करण्यात रात्री जागविणाऱ्या तरुणांनी यात मोठे काम करण्यासारखे आहे. टोपी कोणत्या मापाची बसली म्हणजे आवाज निसटत नाही, शब्द स्पष्ट येण्यासाठी कोणता भाग उचलावा लागतो, जाळी कधी बुजते, हे सारे त्यांना ठाऊक असते. त्या ज्ञानातील थोडेसे घरातील वडीलधाऱ्यांसाठी वापरले, त्यांच्याबरोबर तपासणीस गेले, पहिल्या काही दिवसांचा कंटाळा त्यांना सोसू दिला, तर पुष्कळ घरांतील अबोला संपेल. तोललेल्या पट्टीचा हा इवला काटा ज्या कामासाठी प्रथम हलू लागला ते काम तेच होते. दूर गेलेला शब्द त्याला पुन्हा माणसाजवळ आणावयाचा होता.